फणसाला टांगलेला फोन

माझ्या माहेरच्या अंगणात एक फणस आहे आणि त्या वर्षी त्याला फणसांपेक्षा फोन जास्त लागले होते.

पाटणहून आत डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे, थोडक्या घरांची. पूर्वी फोन लावायचा तर वरच्या खिंडीपर्यंत चढून जावं लागायचं. मग कुणाला तरी शोध लागला की आमच्या फणसाच्या एका फांदीपाशी रेंज येते. तीही माणसाच्या डोक्याच्या वर. फोन खाली कानापाशी आणला की मुका. झालं, प्रत्येक घराची एक पिशवी त्या फांदीला बांधली गेली. कुणाची कापडदुकानातली, कुणाची लग्नात पानसुपारीला मिळालेली, आमची लाल. दिवेलागणीला पिशवीत फोन ठेवायचे आणि खाली अंगणात बसायचं. वाजला की जवळ असेल त्यानं स्टुलावर चढून फोन उचलायचा, स्पीकर चालू करायचा, परत पिशवीत ठेवायचा आणि ज्याचा असेल त्याला हाळी द्यायची. बोलणारा खाली उभा राहून, मान वर करून बोलणार आणि सगळी वाडी ऐकणार. कुणाला जावयानं काय विचारलं, कुणाच्या पोराला पुण्यात भाकरी मिळते की नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मला वाटत होतं. मला सातवा महिना लागला होता, नवरा सैन्यात लांब डोंगरात कुठंतरी होता, आणि मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. ती गोष्ट अशी दहा माणसांत, फणसाकडं तोंड करून विचारण्यासारखी नव्हती.

ती गोष्ट समजायला थोडं मागं जायला हवं.

माझं सासर इस्लामपूरच्या बाजूला आहे. चारी बाजूंनी ऊस, आणि आमच्या घरासमोरच्या घराच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर. मी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा नवरा ड्यूटीवरच होता. रात्रीचं जेवण झालं की त्याचा फोन यायचा. आमचं बोलणं संपलं की म्हणायचा, “आता पोटाला लाव.” मी पलंगावर पडून फोन पोटावर ठेवायची. तो बाळाशी बोलायचा. काय बोलणार बिचारा, मेसमध्ये काय होतं ते सांगायचा. “बाळा, आज राजमा व्हता. थंडी लय हाय. तुज्या आईला म्हनावं शाल घी.” मी हसायची. त्याचं बोलणं लांबत जायचं, आणि फोन उचलला की खाली कातडीवर एक कोमट चौकोन राहायचा. मी त्यावर तळहात ठेवायची. मला तो चौकोन आवडायचा. जणू त्याचाच हात होता.

पाचव्या महिन्यात ते मूल गेलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, पुष्कळदा कारण सापडत नाही, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून घेऊ नका म्हणणं आणि आगीला तापू नको म्हणणं सारखंच. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी लगेच टॉवरचं विचारलं. बाईंनी सांगितलं, तसा काही संबंध दिसलेला नाही. मला पोटावरच्या फोनबद्दल विचारायचं होतं. सासूबाईंसमोर तोंड उघडलं नाही. ती गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि नवऱ्याला.

सासूबाईंनी मात्र टॉवरवर दात धरला. रोज तिन्हीसांजेला दारात उभ्या राहून मीठ-मोहऱ्या माझ्यावरून उतरायच्या आणि त्या टॉवरच्या दिशेनं भिरकावायच्या. पुढं माझ्या लेकीचं, म्हणजे त्यांच्या नातीचं, बारसं झालं तेव्हाही त्या पाट फिरवून टॉवरकडं पाठ करून बसल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना घेऊन त्यांनी ग्रामपंचायतीत इतका धोशा लावला की शेवटी लहरी मोजणारा एक माणूस आला. हातात काठी, काठीच्या टोकाला चेंडूसारखं काहीतरी, आणि एक छोटं यंत्र. त्यानं गच्चीवर मोजलं, दारात मोजलं, माझ्या खोलीत मोजलं आणि म्हणाला, “मर्यादेच्या खूप खाली आहे. काळजीचं कारण नाही.”

सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, “ही मर्यादा कुनाच्या अंगाची? पोटातल्या जिवाची मर्यादा कुनी मोजली?”

तो सभ्य होता. म्हणाला, “मावशी, धोका जिथं सुरू होतो त्याच्या पुष्कळ अलीकडं रेघ मारलेली असते. लहानथोर सगळ्यांचा विचार करून.”

“रेघ मारली म्हंजे पानी थांबतंय व्हय?” सासूबाई म्हणाल्या. त्यानं चहा संपवला आणि गेला.

तो बरोबर होता हे मला कळत होतं. मीच तर नववीच्या वर्गात फळ्यावर पट्टा काढून शिकवायची. इकडं क्षकिरण, त्यांच्यात शरीरातली रचना मोडायची ताकद असते. इकडं दुसऱ्या टोकाला रेडिओ लहरी, त्यांच्यात ती नसते, फार तर त्या थोडी ऊब देतात. ती ऊब त्रास देण्याइतकी होऊ नये म्हणून मर्यादा घातलेली असते. फोनसाठी आपल्या देशात ती शरीराच्या एका किलोमागं एक पूर्णांक सहा वॅट. फोनवर एक ठरावीक कोड दाबला की त्या फोनचा आकडा दिसतो. माझ्या फोनचा मर्यादेच्या आतच होता. कोमट चौकोन हा बराचसा बॅटरीचा असतो, हेही मला ठाऊक होतं. एवढं सगळं ठाऊक असून मी तो आकडा सारखा काढून बघायची. स्वयंपाक करता करता, वह्या तपासता तपासता, एसटीची वाट बघताना. जणू आज बघितला नाही तर तो रात्रीतून वाढेल. वर्गात मी पोरांना ठणकावून सांगायची की अर्धवट ऐकून घाबरायचं नाही, आणि घरी आल्यावर फोन पार दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. स्वतःचा राग यायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मग नवरा सुट्टीवर आला. खूप सांभाळून वागला माझ्याशी. पण एक दिवस मी पडले होते, फोन चुकून उशाशी राहिला होता. तो आला, त्यानं फोन उचलला, फळीवर नेऊन ठेवला आणि एक शब्द न बोलता बाहेर गेला. त्याची पाठ मला दिसत राहिली. मी तिथंच पक्कं केलं की हा मला दोष देतोय. तोंडानं म्हणत नाही, पण देतोय. पोट माझं होतं, विज्ञान मला येत होतं, पोटावर फोन मीच ठेवत होते. त्याचं काय चुकलं?

दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि माझं मन थाऱ्यावर राहीना. सासूबाई आणि आई, ज्यांचं लग्नाच्या मानपानापासून कधी एकमत झालं नव्हतं, त्यांचं यावर झालं. सातवा लागला की माहेरी धाडायचं. का, तर तिथं टॉवर नाही. ओटी भरून, हिरव्या बांगड्या घालून मला अशी पाठवली जणू साथीच्या गावातून सोडवत होत्या.

मी आल्या आल्या आईला समजावलं. “आई, टॉवर नसला की फोनला जास्त जोर लावावा लागतो. तू बांधावरच्या माणसाशी हळू बोलतेस आणि पल्याडच्या रानातल्याला बोंबलून हाका मारतेस, तसं. हितं टॉवर लांब, म्हणून माझा फोन बोंबलतोय.”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग बोंबलू दी की झाडावर. तुज्या कानात तर न्हाई ना बोंबलत?”

चिडून मी आत गेले.

तिकडं सासरी टॉवर काढा म्हणून अर्ज चालले होते, इकडं वाडीत टॉवर द्या म्हणून अर्ज चालले होते. मी दोन्हीकडं पोट घेऊन फिरत होते, आणि माझा जीव कुठंच लागत नव्हता.

नवऱ्याचा फोन दोन-चार दिवसांनी संध्याकाळी यायचा. कधी येईल ते सांगता यायचं नाही. मी चार वाजल्यापासून अंगणात येरझाऱ्या घालायची. आई म्हणायची, बस. बसले की उठावंसं वाटायचं. सगळ्यांना मी आधीच हात जोडून ठेवले होते, की यांचा फोन आला की कुणी मध्ये बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. कारण त्याला मी सांगितलंच नव्हतं. फोन झाडाला टांगतात आणि वाडी बसून ऐकते, हे कळलं असतं तर तो लाजरा माणूस माझ्याशी दोन शब्दही बोलला नसता. तो शेवटचा इथं आला होता तेव्हा लोक खिंडीत जायचे. मी एवढंच सांगितलं, आता घरापाशीच रेंज येते. तो विचारायचा, “तुजा आवाज लांबनं का येतोय?” मी म्हणायची, रेंजच तशी हाय.

बोलणं मात्र काय, तर, “जेवलीस का? बरी हायस न्हवं? ठिवतो.”

पहिल्या वेळी अर्धा अर्धा तास राजमा सांगणारा माणूस. आता मी दुसरं वाक्य उचलायच्या आत “ठिवतो.” पोटातल्याचं नावसुद्धा काढत नव्हता. फोन बंद झाला की अंगणात सगळे आपापल्या कामात असल्याचं नाटक करायचे. शेजारची काकी पावट्याच्या शेंगा सोलत बसायची आणि तिच्या त्या मुद्दाम न बघण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळ्या वाडीला कळत होतं की हिचा नवरा हिच्याशी बोलत नाही.

एकदा आई गोठ्यात होती आणि काकी अजून आली नव्हती. फोन वाजला तशी मी स्वतःच स्टुलावर चढले, पोट सावरत, आणि फोन पिशवीतून काढून कानाला लावला. म्हटलं, आज विचारतेच. त्याचा आवाज तुकड्यातुकड्यानं यायला लागला, फोन कानाशी गरम व्हायला लागला, आणि तेवढ्यात आईनं गोठ्याच्या दारातून असा काही ओरडा केला की मी धडपडलेच. तिनं मला धरून खाली उतरवलं. फोन केव्हाच कटला होता. आई रडत मला शिव्या देत होती आणि मी तिला. लिहून विचारावं म्हणून मी कितीदा तरी मेसेज टाईप केला. ‘तुम्ही मला दोष देता का?’ एवढंच. वाचलं की ते वाक्य भांडल्यासारखं दिसायचं. पुसून टाकायची.

ती संध्याकाळ वेगळी काही नव्हती. हवेत गारठा होता. काकीपुढं शेंगांचं सूप होतं. वाडीतले एक म्हातारे सुभेदार, पेन्शनीत आलेले, आपल्या नातवाच्या फोनसाठी मफलर गुंडाळून बसले होते. सकाळपासून पोटातली हालचाल मला थोडी कमी वाटत होती. दुपारी तालुक्याला जाऊन दाखवून आलो होतो, सगळं ठीक होतं. पण ठीक आहे हे ऐकून माझं समाधान व्हायचे दिवस राहिले नव्हते. मला ते त्याला सांगायचं होतं. जगात आणखी कुणाला नाही, त्यालाच.

लाल पिशवी वाजली. आईनं चढून फोन उचलला, स्पीकर लावला आणि खाली उतरली.

“जेवलीस का?”

“न्हाई अजून.”

“बरी हायस न्हवं?”

“आज दवाखान्यात जाऊन आले.”

“का? काय झालं?” त्याचा आवाज बदलला. मग लगेच घाईत, “काय म्हनले? बरं हाय म्हनले का?”

“बरं हाय म्हणाले.”

“मग झालं. ठिवतो आता. जप.”

माझ्या डोळ्यांपुढं ती त्याची पाठ आली, फोन फळीवर ठेवून बाहेर जाणारी. आणि माझा तोल गेला. काकी, सुभेदार, आई, सगळी वाडी गेली खड्ड्यात.

“ठेवू नका! आवं, ठेवू नका. मला एकदा सांगून टाका. पहिलं गेलं त्याचा दोष तुमी मला देता का? मी फोन पोटावर ठेवायची म्हणून?”

काकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आई माझ्याकडं बघत होती. तिला हे आज पहिल्यांदा कळत होतं. मी तिच्याकडं बघितलं नाही. मी वर पिशवीकडं बघत होते, लाल कापडातून फोनचा उजेड दिसत होता.

तो उजेड विझला. मला वाटलं रेंज गेली.

मग तो म्हणाला, “तुला?”

मग भडाभडा बोलायला लागला.

“अगं, तू दोनदा म्हनली व्हतीस, आज नको, कट्टाळा आलाय. मीच म्हनलं, लाव, बोलू दी मला. मीच हट्ट करायचो. हितं एकानं मोबाईलमदी वाचून दावलं, फोन अंगाजवळ नसावा म्हनून. तवापास्नं मला झोप न्हाई. तुज्याशी बोलाय लागलो की मला दिसतंय, जेवढा येळ मी बोलीन तेवढा येळ त्यो फोन तुज्या अंगाला. म्हनून ठिवतो मी. मला काय बोलायचं नसतंय व्हय? दिसभर साठवून ठिवतो आनि दोन शब्दांत ठिवतो. माझ्या बोलन्यापायी गेलं गं ते.”

मी इतके महिने स्वतःभोवती जी गोष्ट विणली होती, ती त्यानं तशीच्या तशी स्वतःभोवती विणली होती. मला त्याची कीव आली आणि भयंकर रागही आला. मी शिकलेली बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, मोजणीवाल्यानं सांगितलेलं, मीच वर्गात सांगत आलेले, त्यातलं एक अक्षर मी या माणसाला नीट सांगितलं नव्हतं. आता सांगायची वेळ आली तर मी नुसती रडत होते.

“आवं,” मी कसंबसं म्हटलं, “फोन माझ्या कानाला न्हाई. झाडाला टांगलाय. वर. रोज तिथंच असतोय.”

“झाडाला?”

“व्हय,” काकीला राहवलं नाही, “फनसाला हाय. आमी पन हाय हितं समदी.”

मला वाटलं आता लाजेनं ठेवणार आणि परत कधी फोन करणार नाही. सुभेदार मफलर सोडून उभे राहिले, वर तोंड करून कवायतीच्या आवाजात म्हणाले, “बोल रं गड्या बिनघोर! समदी घरचीच हायती.”

मी आईकडं बघितलं. तिला टॉवरचा धसका होता, लहरींचा होता, आणि आज तर पोटावरच्या फोनचं तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मला वाटलं आता ही मला किंवा त्याला फाडून खाणार. ती पुढं आली. तिनं माझा दंड धरला आणि मला झाडापासून चांगली लांब मागं ओढली, अगदी तुळशीपर्यंत. तिथं माझ्या खांद्यावरचा पदर पोटावर नीट ओढला. मग फणसाकडं तोंड करून, बांधावरून पल्याडच्या रानातल्याला हाक मारावी तशी ओरडली,

“जावईबापू, लांब हाय ती आता! तुमी बोला! ऐकतंय त्ये!”

फांदीवरून थोडी खरखर आली. काकीनं सूप बाजूला सरकवलं. मग लाल पिशवीतून, सगळ्या वाडीसमोर, माझा लाजरा नवरा म्हणाला,

“बाळा, आज परत राजमा व्हता.”